चार आधी

भत्ता आला की देतो, मा झेनाबू —
हे वाक्य माझ्या चुलीपाशी इतक्यांदा बोललं गेलंय
की पातेल्यालाही पाठ असेल.

मास्तर व्हायला येतात ही पोरं
वा शहराबाहेरच्या कॉलेजात,
कुणी नांडोमकडून, कुणी पार नदीकाठून,
पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेली गादी आणि सरकारचा शब्द घेऊन.
सरकारचा शब्द अक्रात राहतो.
अक्रा इथून बसने एक रात्र.
भत्त्याला कधी चार महिने लागतात, कधी सात.
बहुतेक तो पायी येतो.

तोवर मी वाढते.
चवळी-तांदळाचं वाचे, ज्वारीच्या पानांनी लालसर झालेलं,
वर मिरचीचा ठेचा, असलंच तर अर्धं अंडं.
थाळी दहा सेडीची.
खाऊन उठला की भिंतीवर कोळशाची एक रेघ.
नावं लिहिता येत नाहीत, म्हणून खुणा:
बिंटूची फणी, त्या सायकलवाल्याचं चाक,
आणि येलपालाचा कान,
कारण त्याचे कान खरंच तसे आहेत.

ईदेआधी भिंत सारवायची होती.
रेघा सगळ्या मातीखाली जाणार.
येलपाला म्हणाला, वहीत लिही.
म्हटलं, लिहिता आलं असतं
तर मीही तुमच्याबरोबर भत्त्याची वाट बघत बसले असते,
इथे धूर कशाला खाल्ला असता?
तो हसला नाही. पेन काढलं.
शुक्रवारी त्याला वर्गात पाठ द्यायचा होता म्हणे,
सरावाला कुणीतरी हवंच होतं.

एक म्हणजे काठी.
दोन म्हणजे दाणे टिपायला वाकलेली गिनी कोंबडी.
आठ मला फार आवडला, कांद्यावर कांदा.
शून्याला तो काही बोललाच नाही,
नुसती चाटूनपुसून खाल्लेली थाळी दाखवली.

मग एका दुपारी बोट टेकवत टेकवत
मी कानाच्या रेघा मोजल्या.
एक्केचाळीस.
वहीत लिहिलं, आधी एक, मग चार,
आणि मोठ्या दिमाखात त्याच्यापुढे धरलं.

तो बघत राहिला.
घास हातात तसाच.
माझं काय चुकलं, मला तेव्हा कळलं नव्हतं.
त्याच्या खिशात काय आहे ते मात्र माहीत होतं:
खोलीची किल्ली, आणि काडेपेटी, तीही माझीच.
मागे कुणाची तरी शेळी ओरडत होती.
बिंटूने भांडं आपटलं.

मग म्हणाला,
मा, चार आधी.

माझा हात धरून त्यानं ते खोडायला लावलं,
एकाच रेघेत, चुकलेलं खाली दिसत राहील असं.
गिरगटायचं नाही, म्हणाला,
काय चुकलं ते मुलाला दिसायला हवं.
मी विचारलं, कुठल्या मुलाला?
तो परत जेवायला लागला.
त्या दिवसाची थाळी धरून बेचाळीस झाले असते,
ती मी लिहिली नाही. अर्धंच जेवला होता.

भत्ता आला तेव्हा हरमाटनची धूळ होती,
ओठ फुटलेले,
आणि अंगणातले सगळे फोन एकदम वाजले.
येलपाला तेव्हा इथे नव्हता.
त्याला लांबच्या एका शाळेत पाठवलं होतं,
तिथे फोनला आवाज मिळवायला
झाडावर चढावं लागतं असं ऐकते.

काल माझा फोन थरथरला.
पळी हातात धरूनच मी वाचलं, कुणाला न विचारता:
गिनी कोंबडी, सहा, रिकामी थाळी.
दोनशे साठ.
खाली त्याने काहीतरी लिहिलंही आहे,
पण अक्षरं आम्ही घेतलीच नव्हती.

आता चारशे दहातून दोनशे साठ गेले
तर राहिले किती?
वजाबाकीपर्यंतही आम्ही पोचलो नव्हतो.
बिंटू सांगते म्हणाली. म्हटलं, राहू दे,
तो येईल तेव्हा शिकवेल.
उद्याची चवळी भिजत घातली आहे.